अर्ध्या कपाचं शहर

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ‘बघू’ पोचलं. तुझ्या ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असतो हे मला परकरी वयापासून ठाऊक आहे, म्हणून पुन्हा लिहिते आहे. माझं शहर तू एकदाही पाहिलेलं नाहीस. हात पुढे आणखी थरथरणार, हे डॉक्टरांनी तुझ्यादेखतच सांगितलं. मग थांबायचं कशासाठी?

तुला खरी भीती चारचौघांत खाण्यापिण्याची वाटते, म्हणून आधी तेच ठरवून टाकलं. स्टेशनच्या मागे एक कॉफीचं दुकान आहे. तिथली टेबलं दगडी, कोपर टेकून पाहिलं, हलत नाहीत. कपाचा कान चांगला रुंद आहे. दुपारी संग्रहालयाजवळच्या खानावळीत जाऊ. तिथे सगळं चमच्याने खाता येतं, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसता येतं आणि उठा म्हणून कुणी मागे लागत नाही. संध्याकाळी नदीकाठी आइस्क्रीम, तेही खोलगट वाटीत. सगळीकडे मी आधी जाऊन, बसून, खाऊन आले. तुला हसू येईल, पण पाणी तपासण्याच्या नोकरीने हीच सवय लावली आहे. नमुना तपासल्याशिवाय मी बाटलीवर शिक्का मारत नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवायला तू ये.

तुझी,
चिमणी


१७ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

मी सांगते आहे आणि तुझे भाऊजी लिहीत आहेत, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची असतील तर त्यांना ठेव. (ठेवू नये. – भाऊजी) ते विचारतात, मेहुणीने शहर बघायला बोलावलंय की खानावळी मोजायला?

चिमणे, तुझी धडपड कळते. पण शेजारच्या लग्नात काय झालं ते तुला पुरतं सांगितलं नव्हतं. सुपाची वाटी तोंडाशी नेईपर्यंत अर्धी नवरदेवाच्या आत्याच्या मांडीवर. बाई रागावल्या नाहीत. उलट मलाच भरवायला निघाल्या, सगळ्या मांडवासमोर. तेव्हापासून मी घरातही चहा दाराकडे पाठ करून पिते. (खरं आहे. – भाऊजी)

टेलर मास्तरांनी परवा सवयीने एक कोट काजांसाठी पाठवला. उभा जन्म त्यांच्याकडे काजं केली, तरी कोट तसाच परत केला. सुई ओवता येईना, तिथे मी तुझ्या शहरात कप काय उचलणार?

पण तुझे भाऊजी म्हणतात, कोट परत गेला म्हणून तू मागे फिरू नकोस. तेव्हा येते. भरवायला मात्र कुणी येता कामा नये, तूसुद्धा नाही.

माया आहे तशी ठेव.

तुझी,
ताई


२५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येतेस हे वाचून खुर्चीवरून उठून घरभर फिरले. मी भरवणार नाही, वचन देते. बाकी लोकांची काळजी तू करू नकोस, ते माझ्याकडे लागलं. येताना शाल आण, नदीकाठी गार वारा असतो.

भेटीत उरलेलं बोलू, लोभ तोवर जपून ठेव.

तुझी,
चिमणी


२० फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. वाचायला वेळ लागेल, लागू दे. तुझे भाऊजी विचारत होते की एवढं काय गुपित आहे. गुपित नाही, पण त्यांच्या हातून उतरवून घेण्यासारखंही नाही.

पहिल्या दुकानात कॉफी अर्धाच कप आली. मनात म्हटलं, शहर कंजूष आहे. खानावळीत न मागता मोठा चमचा आला आणि वाटी अर्धी. वाढणाऱ्या मुलीने माझ्याकडे पाहून मान अशी तिरकी केली, जशी आपण आजाऱ्याच्या खाटेपाशी करतो. नदीकाठी आइस्क्रीम अर्ध्या वाटीत आलं तेव्हा उलगडा झाला. तू माझ्याआधी माझे हात गावभर पोचवले होतेस. अख्खं शहर मला भरवत होतं, चिमणे, फक्त लांबून. तरी मी बोलले नाही. तुझा चेहरा इतका समाधानी होता.

शेवटच्या दिवशी कॉफीचं दुकान बंद निघालं, ते बरं झालं. पलीकडच्या टपरीतल्या बाईला तू काही सांगून ठेवलं नव्हतंस. तिने कप काठोकाठ भरला. तू उठायला लागलीस, म्हणून टेबलाखाली तुझा पाय दाबला. मग सांडलंच. टेबलावर, बाहीवर, शालीवरसुद्धा. बाईने फडका मारला आणि करवादली की या मेल्या टेबलावर सगळेच सांडतात, एक पाय तोकडा आहे, नवऱ्याला सांगून जीभ झिजली. आणि पुन्हा भरला. पुन्हा काठोकाठ. तो मी वाकून, तोंड कपापाशी नेऊन प्यायले. सगळा.

तू तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत होतीस. मला वाटलं, तुला लाज वाटली. गाडीत बसल्यावर वाटलं, तसं नसावं. तूच सांग.

राग नाही. माया आहे तशीच आहे.

तुझी,
ताई


१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचायला खरंच वेळ लागला, पण अक्षरामुळे नाही.

लाज नव्हती. तुझं सांडणं मला बघवत नव्हतं. तुझ्या हाताने केलेल्या काजांचे सदरे घालून मी कॉलेज केलं, तोच हात कपाशी झटापट करत होता. दुकानादुकानांतून अर्धा कप मी तुझ्यासाठी सांगत फिरले असं मानत होते. आता रोज स्वतःला विचारते, तो तुझ्यासाठी होता की माझ्यासाठी? उत्तर निम्मं-निम्मं येतं, आणि त्यावर मला विश्वास ठेवता येत नाही.

काल स्टेशनमागच्या दुकानात गेले. मालकाने आपुलकीने तुझी चौकशी केली आणि सवयीने माझ्यापुढेही अर्धाच कप ठेवला. मी तो बघत बसले. मग भरून मागितला, आणि सांगून आले की ताई पुन्हा येईल तेव्हा काठोकाठच भरायचा. सांडलं तर आम्ही पुसू.

येशील ना? या खेपेला ‘बघू’ चालणार नाही. आधी कुठेही जाऊन बसणार नाही. भूक लागेल तिथे थांबू.

लोभ काठोकाठ असू दे.

तुझी,
चिमणी