सरावात पडलेल्या चौकीला रसद मिळणेबाबत

प्रति,
मा. पुरवठा अधिकारी,
संरक्षण विभाग, सीमा शाखा

विषय : थिंक टँकच्या अहवालात पडलेल्या, पण जागेवर उभ्या असलेल्या चौकीस रॉकेल व शिधा पाठवणेबाबत.

संदर्भ : आपल्या खिडकीवर मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. माझा धाकटा भाऊ खिंडीवरच्या चौकीत शिपाई आहे. बर्फ सुरू झाले, रॉकेल तळाला गेले, तरी रसदीची गाडी नाही, म्हणून मी आपल्याकडे चौकशीस आले. कारकुनाने कागद चाळून सांगितले, "बाई, ती चौकी पडली." मी खिडकीतूनच ओरडले, "आणि माझा भाऊ?" मग पाणी देऊन म्हणतात, "खरी नाही हो, सरावात पडली!"

२. सराव म्हणजे काय, तर थिंक टँकच्या गारेगार दालनात नकाशा पसरून विद्वानांनी सोंगट्या सरकवल्या. जेवणाच्या सुट्टीआधी माझ्या भावाची चौकी गेली. अहवालात छापले, "चौकी गमावली." आपण तेवढीच ओळ वाचून रसद तोडली. भावाला फोनवर हे सांगितले तर तो म्हणाला, "अक्का, मग मी इथे कोणत्या भुतांसाठी भाकऱ्या थापतोय?"

३. मी थेट त्या संस्थेत गेले. संचालक गोड हसून म्हणाले, "निष्कर्ष असा मागे घेता येत नाही, ताई. पुढच्या सरावात चौकी परत जिंकू." पुढचा सराव उन्हाळ्यात आहे.

४. आता माझा संशय स्पष्ट लिहिते. सरावात शत्रूची बाजू खेळले संस्थेतले एक निवृत्त लष्करी साहेब, अहवाल लिहिला तोही त्यांनीच. शेवटी शिफारस काय? माणसे हटवा, कॅमेऱ्यांचे मनोरे उभारा. मनोरे विकणाऱ्या कंपनीचे सल्लागार कोण? हेच साहेब. संस्थेच्या दारात देणगीदार म्हणून फलक कोणाचा? त्याच कंपनीचा. कुंपणच शेत खात असेल आणि राखणदार कुंपणालाच सल्ला विचारत असेल, तर काय बोलावे?

५. तरी या अर्जावर त्या संस्थेचे मत मागवू नये. खात्री हवी असल्यास चौकीवर फोन लावावा. उचलला तर चौकी आहे.

६. आपल्या कारकुनाने जाता जाता सुचवले, "भावालाच खाली उतरायला सांगा, प्रश्न मिटेल." तो उतरला की अहवाल खरा ठरेल, आणि चौकी सोडली म्हणून गुन्हा त्याच्यावर लागेल. तो उतरणार नाही, त्याला मी लहानपणापासून ओळखते. गाडी तुम्हालाच वर पाठवावी लागेल.

गाडीची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
शिपायाची थोरली बहीण, शिवणकाम करणारी

दिनांक : खिंड बंद होण्याआधी

सोबत : भावाने चौकीच्या दारात उभे राहून काढलेला कालचा फोटो.