भिंतीपलीकडची गिटार

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई तशीच आहे. काल मला डॉक्टर समजून तिने माझ्याकडेच माझी तक्रार केली, मुलगा फिरकतसुद्धा नाही म्हणून. हसू की रडू तेच कळेना. थकलोय गं.

डॉक्टर म्हणाले, ओळखीचे जुने आवाज ऐकवून बघा. या घरात माझ्या गिटारीहून ओळखीचं काय आहे? म्हणून कॉलेजातला तो हार्ड रॉकचा टोन पुन्हा जुळवायला घेतला. गिटार माळ्यावर होती, ॲम्प्लिफायर मात्र कधीच भंगारात गेलेला. दुकानात चार ॲम्प वाजवून पाहिले आणि जुन्या पद्धतीचा, ट्यूबवाला उचलला, वर आवाज फाटका, खरखरीत करणारं एक डिस्टॉर्शन पेडल. टोन हुबेहूब आला, अंगावर काटा आला माझ्या. आईच्या उशाशी बसून वाजवलं, तर म्हणते, या मिस्त्रीला आधी बाहेर घालवा. आता दुसरं पेडल बघतोय.

लोभ आहेच, एखादी फेरीही असावी.

तुझा,
धाकटा

१० मार्च

चि. खडखड्यास,
अ. उ. आ.

रजा मिळत नाही रे, जीव तिकडेच लागलेला असतो. पण तू दुसरं पेडल घेऊ नकोस. तुझा टोन हुबेहूब असेल, पण तो तुझ्या कानांचा. आईने तो तसा कधी ऐकलाय? तू दार लावून बसायचास, शेजारी भांडायला येतील म्हणून ॲम्पवर रजई टाकायचास, आणि आई भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात. तिच्यापर्यंत नुसता घुमारा पोचायचा. अती झालं की ती पळी भिंतीवर आपटायची. मी तिथेच अभ्यासाला बसायचे, म्हणून ठाऊक. ॲम्प पलीकडच्या खोलीत ने. आणि वेळेवर जेवत जा.

माया आहे, राग नसावा.

तुझी,
ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. ॲम्प पलीकडे, वर रजई, दार बंद. मला तर तो टोन अगदीच मेंगळट वाटला. बोटं सोलवटेपर्यंत वाजवलं, पलीकडून हूं नाही की चूं नाही. कंटाळून आवरायला घेणार, तेवढ्यात भिंतीवर ठक्‌ ठक्‌. औषधाचा चमचा असावा. आणि मागोमाग खडखड्या, पुरे आता, अशी खणखणीत ओरड. तिने ठेवलेलं नाव, ताई, तिच्याच तोंडून.

पूर्वी आवाज कमी केला की ती ठोकायची थांबायची. म्हणून मी कमी केलाच नाही. रडत होतो आणि वाजवत होतो.

रजेचं बघच. लोभ वाढावा.

तुझा,
खडखड्या