बाबांच्या खोट्या आजाराची वर्गणी

१२ जानेवारी

आकडा जिथल्या तिथे! सकाळपासून मी वर्गणीचं पान उघडते आणि मिटते.

सिनेमासाठी क्राउडफंडिंग म्हणे. मराठीत लोकवर्गणी. वर्गणी म्हटलं की मला आमच्या कोलकात्यातल्या पाड्यातली, म्हणजे गल्लीतली, पूजेची पोरं आठवतात. दारात उभी राहतात, घेतल्याशिवाय हलत नाहीत. माझ्यात तेवढीही धमक नाही. मी लिंक पाठवते आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकते. ज्यांच्या लग्नांत नाचले त्यांनी अंगठा दाखवलाय. अगदी शब्दशः — अंगठ्याचं चित्र!

निर्मात्यांकडे जाऊन झालं. इथले म्हणाले, "मराठी सिनेमा? कोलकात्यात?" मुंबईचे म्हणाले, "छान आहे, पण त्यात कोलकाता कशाला?"

१६ जानेवारी

नमुन्याचं दृश्य चित्रित केलं, आमच्याच मागच्या खोलीत. गोष्ट साधी — उभा जन्म कोलकात्याच्या बेहाला भागात काढलेला एक मराठी म्हातारा मरायला टेकलाय आणि मुलीकडे हट्ट धरतो, मला माझ्या गावी ने. म्हातारा म्हणजे बाबा. जन्मभर अकाउंट्समध्ये नोकरी आणि मंडळाच्या नाटकांत कामं. कॅमेऱ्यासमोर आज पहिल्यांदा.

मुलीची वाक्यं मीच कॅमेऱ्यामागून म्हटली. बाबा खाटेवरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मला इथे नको गं जाळूस." शौनक कॅमेऱ्यावर होता. फिल्म स्कूलपासूनचा मित्र, संकलनही तोच करणार. त्याने डोळे पुसले.

"कट" म्हटल्यावर बाबा उठून बसले. "चहा टाक. बरं झालं का?"

२४ जानेवारी

आकडा पळतोय! डमडम, नाशिक, कुठलं कुठलं कॅनडा. ओळख ना पाळख!

मग खालचे संदेश वाचले. 'काका, लवकर बरे व्हा.' 'कुठल्या हॉस्पिटलात आहेत?' 'बाबांना गावी न्या, पैशाची काळजी करू नका.'

शौनकला फोन केला. त्याने दृश्य सगळीकडे टाकलंय — सुरुवातीची 'चित्रपटातलं दृश्य' ही पाटी आणि शेवटचा चहा कापून.

"मी खोटं कुठे बोललो? फक्त कापलं."

"अरे, ते औषधपाण्याला देतायत!"

"पानावर स्पष्ट लिहिलंय, चित्रपट. वाचत नाहीत हा माझा गुन्हा? लोक गोष्टीला पैसे देत नाहीत, नूपुर. रडू आलं की देतात."

फोन ठेवला. दृश्य काढून टाकणं माझ्याच हातात होतं. नाही काढलं.

२५ जानेवारी

आजही नाही.

२७ जानेवारी

बाबांना सांगितलं. वाटलं, संतापतील. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक संदेश वाचला. बोट हळूहळू वर सरकत होतं.

"यांना खरं वाटलं?"

"हो."

"सगळ्यांना?"

चेहरा असा उजळला त्यांचा! मंडळात बक्षीस मिळालं तेव्हासुद्धा नव्हता उजळला. कॅनडावाल्या बाईंचा संदेश मला मोठ्याने वाचायला लावला. आई असती तर दोघांनाही झोडपून काढलं असतं.

३० जानेवारी

भालचंद्रकाका आले. बाबांचे ऑफिसातले सोबती, मंडळाच्या प्रत्येक नाटकात विंगेतून यांना वाक्यं पुरवणारे. बराकपूरहून सियालदापर्यंत लोकल, पुढे बस — त्या गुडघ्यांनी!

दार बाबांनीच उघडलं. नुकतेच बाजारातून आलेले, हातात फ्लॉवर. काका बघतच राहिले. एका हातात पाकीट, दुसऱ्या हाताने दाराची चौकट धरलेली.

"श्याम... तू उभा आहेस?"

"अरे भाल्या, नाटक होतं ते! सिनेमाचं!" बाबा हसत होते. "कसं झालं?"

काका बूट काढायला खाली बसले होते. हात थांबला. सोडलेली नाडी पुन्हा बांधायला लागले.

"देव पाण्यात घालून बसलो होतो रे मी."

एवढंच बोलले. चहा नको, पाणी नको. बाबा तसेच फ्लॉवर घेऊन त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेले. एकटे परत आले.

जेवलं कुणीच नाही. संध्याकाळी मी अख्खं दृश्य टाकलं, पाटीसकट, चहासकट. खाली लिहिलं — नट ठणठणीत आहे. ही चित्रपटासाठीची वर्गणी आहे. गैरसमज झाला असेल तर पैसे परत मागा.

५ फेब्रुवारी

मागितले. जवळजवळ सगळ्यांनीच.

चोर. भामटी. बापाला विकलं. ज्याने 'काका, लवकर बरे व्हा' लिहिलं होतं त्यानेच लिहिलंय — आता खरंच मरू दे थेरड्याला. माणूस ठणठणीत आहे याचा एवढा राग! मरणाऱ्याला पैसे आहेत, मरण्याचं काम करणाऱ्याला नाहीत.

आमचं पान बंद करण्यात आलंय.

शौनकने हार्ड डिस्क दारातच हातात दिली. "पेटलेली चूल विझवलीस. आता बस हरिश्चंद्राची पोथी वाचत." तो लग्नांच्या व्हिडिओंकडे परत गेला. जाऊ दे! पण मला एक कळत नाही. काका आलेच नसते तर मी ते कापलेलं दृश्य काढलं असतं का?

९ फेब्रुवारी

बाबा रोज काकांना फोन लावतात. काका उचलत नाहीत.

१७ फेब्रुवारी

टॉलीगंजच्या स्टुडिओतून फोन. बंगाली मालिका. बाबांनी स्पीकर लावला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, एवढी माणसं फसली म्हणजे गृहस्थ नट आहेत. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचं काम. भरपूर दिवसांचं. मालिका चालली तर आजोबा लवकर मरणार नाहीत.

बाबा "हो" म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुपारी करार आला. इंग्रजीत, बारीक अक्षरांत होता, मीच वाचून दाखवला. मालिका संपेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात काम करता येणार नाही — हे वाक्य मी दोनदा वाचलं.

"ऐकलं," बाबा म्हणाले, आणि सही केली.