चार बोटं कमी

४ जानेवारी, रविवार

सकाळी चहा घेताना चितेगावची एक दुपार आठवली. कारण काही नाही. तीस वर्षं झाली असतील. कचरू मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये भुशावर पोतं टाकून आम्ही दोघं जेवत होतो. त्यांच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. माझ्या डब्यात ब्रेड-जॅम, कडा काढून चौकोनी कापलेला. अर्धं अर्धं वाटून घेतलं. समोर माझी पहिली रुंद खुर्ची, अजून पाठ न बसवलेली. मिस्त्री बराच वेळ माझ्याकडे बघत होते, मग म्हणाले, "बाई, तुमी जमिनीवर बी खुर्चीवर बसल्यावानी बसता."

खरं होतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बारा वर्षं तेवढंच शिकवलं. गुडघे जुळवून, पाठ ताठ, हात मांडीवर. मांडी घालून बसायला मला एका सुताराने शिकवलं, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

दुपारी निखिलचा फोन. माझा जुना विद्यार्थी, आता डिझाइन कॉलेजात शिकवतो. माझ्या फर्निचरचं प्रदर्शन ठरलं म्हणाला. २४ तारखेपासून, आठ दिवस. प्रत्येक वस्तूशेजारी तिचं मूळ ड्रॉइंग लावायचं.

ट्रंक उघडली. रुंद खुर्चीचं ड्रॉइंग लगेच सापडलं. बैठकीची उंची साडेसतरा इंच, माझ्या सुबक अक्षरात. मग टेप घेऊन हॉलमधली खुर्ची मोजली. साडेचौदा.

मोजायची गरज नव्हती. मला तीस वर्षं माहीत आहे.

६ जाने., मंगळ.

वस्तू गोळा करायला बाहेर पडले. गुडघ्यासाठी नवीन काठी करून घेतली आहे, माझ्याच ड्रॉइंगवरून. छान दिसते. उजवा खांदा मात्र दुखतो. वय.

उस्मानपुऱ्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यातला माझा बाक. त्याला निळा ऑइल पेंट, आणि पाठीवर खिळा ठोकून पाटी: "चपला बाहेर काढाव्यात". पेशंट पाटीला टेकून बसतात. पाठीचा कोन मी एक महिना बसून काढला होता.

मग कुलकर्णी वहिनींकडे वेताची आरामखुर्ची मागायला गेले. गच्चीत होती. तिच्यावर कुरडया.

"तीन दिवस तरी मिळायची नाही," वहिनी म्हणाल्या. "खालून हवा लागते ना. अशी जाळी बाजारात कुठे मिळते?"

वेत, वारा आणि भारतीय पाठ यांवर मी परिषदेत एक अख्खा निबंध वाचला होता. कुरडया कुणाच्या मनात आल्या नव्हत्या. घरी येताना मूठभर ओल्या दिल्या. चांगल्या लागल्या.

९ जाने., शुक्र.

ते ड्रॉइंग टेबलावर आहे. लिहूनच टाकते. इथे तरी.

रुंद खुर्ची तयार झाली आणि मी मावसबहिणीच्या लग्नाला पुण्याला गेले. परत आले तर खुर्ची बुटकी. मिस्त्रींनी न विचारता चारही पाय कापले होते. "चार बोटं कमी केली. आपल्या माणसाला मांडी घालून चढायचं तर एवढंच पायजे." मी खूप बोलले. ड्रॉइंग म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय. अर्ध्या इंग्रजीत. बोलून दमले आणि त्याच खुर्चीवर बसले. पाय आपोआप वर गेले, मांडी घातली गेली. 

दोन वर्षांनी त्या खुर्चीला दिल्लीत बक्षीस मिळालं. तिथे विचारलं, ही उंची कशी सुचली? मी माईकसमोर म्हणाले, "लोक कसे बसतात याचं मी दोन वर्षं निरीक्षण केलं."

पेपरात आलं. मिस्त्रींनी वाचलं. म्हणाले, "बरं बोललात."

त्यानंतर चोवीस वर्षं त्यांनी माझं काम केलं आणि माझी एकही चूक दुरुस्त केली नाही. कागदावर आहे तसं. कपाटाचं दार दिव्याच्या बटणावर आपटायचं, कारण ड्रॉइंगमध्ये तसं होतं. बारा माणसांचं टेबल वर्कशॉपच्या दारातून बाहेर निघेना, चौकट काढावी लागली. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "दार कागदावर नव्हतं." एकदा स्टुलाच्या पायाला मी १७ ऐवजी ७१ लिहिलं. त्यांनी एकाहत्तर इंचांचा एकच पाय केला, भिंतीला टेकवून ठेवला आणि मला विचारलं, "आता बाकीचे तीन करू का?"

चार वर्षांपूर्वी नजर कमी झाली म्हणून ते गावी गेले, देवगाव रंगारीला. ह्या प्रदर्शनात खरं लिहायचं आणि ते त्यांनी बघायचं. त्यांची नजर आहे तोवर. बाकी खुर्च्या नाही आल्या तरी चालेल.

१४ जाने., संक्रांत

देवगावला जाऊन आले, भाड्याच्या गाडीने. मिस्त्री अंगणात बाजेवर. पलीकडे गिरजाबाई, त्यांच्या मंडळी, तूर पाखडत होत्या.

"या बाई. गोड बोलायला आलात का ड्रॉइंग घेऊन?"

"प्रदर्शन आहे. तुम्ही यायचं."

"मी कशाला?"

"खुर्ची तुमची आहे म्हणून."

"पेपरात तसं नव्हतं."

एवढंच. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. मी तिळगूळ पुढे केला, त्यांनी घेतला, खाल्ला, आणि कापसाच्या भावाविषयी बोलायला लागले.

गिरजाबाईंनी चहाला आत नेलं. कोपऱ्यात पिठाची मोठी कोठी. तिच्या चार पायांखाली सागाचे चार तुकडे, सारखे, कडा घासून गुळगुळीत. मी बघतच राहिले.

"ते व्हय? कोन्त्या तरी खुर्चीचे हायेत म्हणं. फेकू देत नाय. पण लई कामाचे. कोठीला वाळवी लागली नाय आजवर."

निघताना मिस्त्रींनी माझ्या काठीकडे बघितलं, मग खांद्याकडे.  म्हणाले: "कागदावर तशीच असंल."

१९ जाने., सोम.

निखिलबरोबर मांडणीवरून वाद. त्याला चौथरे हवेत, दोऱ्या हव्यात, "हात लावू नये" हवं. मी म्हटलं, ज्याला हात लावायचा नाही ते देवघरात ठेव. माझी मांडणी अशी: सगळ्या वस्तू जमिनीवर. माहितीचे फलक बारीक अक्षरात, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. बसलं तरच वाचता येईल. नि. म्हणाला, "मॅडम, हे भारी आहे." लाजले थोडी.

मग रुंद खुर्चीचा मजकूर दाखवला. "मूळ आराखड्यात उंची साडेसतरा इंच. कचरू मिस्त्री यांनी न विचारता तीन इंच कापली. ती कापली म्हणून ही खुर्ची झाली. बक्षीस घेताना मी हे सांगितलं नाही."

नि. चा चेहरा उतरला. "शेवटचं वाक्य गाळू या का? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी म्हणावं म्हणूनच लिहिलंय."

खुर्चीमागे भिंतीवर मिस्त्रींचा फोटो, जुना, कानावर पेन्सिल लावलेला. खाली मोठ्या अक्षरात नाव. उभ्याने वाचता यावं असं तेवढंच एक.

२४ जाने., शनि.

उद्घाटन झालं. प्रमुख पाहुणे वेताच्या खुर्चीत बसले ते उठेनात. भाषण बसूनच केलं, त्यात एकदा डुलकी. मला याहून मोठी दाद कुणी दिलेली नाही. कुरडईचा एक तुकडा त्यांच्या कोटाला चिकटून गेला.

मिस्त्री आले नाहीत. दाराकडे बघून मान दुखली. खांदा होताच.

२६ जाने., सोम.

काल गुडघा सुजला म्हणून घरीच होते. आज गेले तर रुंद खुर्चीसमोर चपलांचे सात-आठ जोड काढून ठेवलेले. लोक हात जोडून उभे. खुर्चीवर कुणीच नाही. एका बाईंनी पदराने डोळे टिपले आणि मला म्हणाल्या, "फार वाईट झालं हो. वय काय होतं?"

वर बघितलं. फोटोला झेंडूचा भला मोठा हार. खाली उदबत्ती.

प्रदर्शनाच्या हॉलचे वॉचमन अन्वरभाई उत्साहाने पुढे आले. "मॅडम, मेहमान का हार टेबल पे सूख रहा था. मैंने सोचा, मरहूम को डाल देते."

"अन्वरभाई, ते जिवंत आहेत."

अन्वरभाई फोटोकडे बघत राहिले. "खाली कुर्सी, पीछे फोटू, नीचे नाम. मैं क्या समझता फिर?"

बरोबर आहे. तीस वर्षं मांडणी शिकवली आणि हे मला कळू नये. आपल्याकडे रिकाम्या खुर्चीमागे फोटो लावला की माणूस गेला.

वाईट याचं वाटलं की मयताच्या खुर्चीवर कोण बसणार? कुणी बसलं नाही, म्हणून फलक कुणी वाचला नाही. अठ्ठावीस वर्षांनी कबूल केलं आणि ते सगळ्यांसमोर झाकूनच राहिलं.

हार काढला. उशीर झाला होता. चितेगावातल्या कुणीतरी फोटो ग्रुपवर टाकला होता, भावपूर्ण श्रद्धांजली. गिरजाबाईंना घाबरत फोन लावला. त्या म्हणाल्या, "सकाळधरनं फोन यायलेत बाई. तुमचे मालक गेले म्हणतेत. मी म्हणलं, कुठं? हितं तर तिसरी भाकर मागायलेत."

२७ जाने., मंगळ.

अकरा वाजता दारात मिस्त्री. धुतलेलं धोतर, काळी टोपी, मागे गिरजाबाई.

"माझं काय झालं ते बघायला आलो."

अन्वरभाईंनी कान पकडले. मिस्त्री त्यांना म्हणाले, "हार चांगला व्हता म्हणं. ठिवायचा की. पुढं लागलाच असता."

सरळ खुर्चीकडे गेले. हात फिरवला, सांधे चाचपले, मग वर चढून मांडी घातली. फलक नाकासमोर आला. चष्मा काढून, पुसून, एकेक अक्षर बोटाने वाचायला लागले. मी शेजारी उभी, सिस्टरांसमोर गृहपाठ घेऊन उभी असायचे तशी. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.

"चुकलंय," म्हणाले.

"काय चुकलं?"

"तीन नाय. सव्वातीन."

"साडेसतरातून साडेचौदा. तीनच होतात, मिस्त्री."

"पाय साडेसतराचे व्हतेच कुठं? पावणेअठराचे ठिवले व्हते. कापायचं म्हणल्यावर पाव इंच हाताशी नको का?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी ऐकलं असतं? तुमच्या भनीच्या लग्नाची वाट बघत व्हतो."

गिरजाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी विचारलं, "मिस्त्री, राग गेला का?"  म्हणाले, "फलक नीट करा. सव्वातीन."

मग शाळेच्या मुली आल्या, मला त्यांना बाक दाखवायला जावं लागलं. काठी भिंतीला टेकवून गेले. परत आले तोवर मिस्त्री निघालेही होते. एसटी गाठायची होती म्हणे. निरोपही नाही.

२८ जाने., बुध.

सकाळी उठले तर खांदा दुखत नाही. गोळी घेतलेली नाही. दूध आणायला गेले, परत आले, जिना चढले. नाही दुखत. मग काठी उलटी करून बघितली. रबराची टोपी काढली. आतलं लाकूड ताजं, पिवळसर, कड घासलेली.

हॉलवर जाऊन अन्वरभाईंना विचारलं. ते आधीच हात वर करून, "मेरेकू मत बोलो मॅडम. उनो बोले करवत लाओ, मैं लाया. पानी पिने जित्ता टाइम लगा."

"किती कापलं?"

अन्वरभाईंनी दोन बोटं दाखवली. "मैं बोला, मॅडम को पूछो. तो बोले, पूछा तो कागज लाती."

"आणि तुकडा?"

"जेब में डाल के ले गए."

हॉलमध्ये कुणी नव्हतं. रुंद खुर्चीवर मांडी घालून बराच वेळ बसले. फलक आता सव्वातीनचा आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

प्रदर्शन संपलं. नि. ने विचारलं, कुठली वस्तू कुठे पोचवायची. एकदाच लिहून ठेवते. मी असले-नसले तरी हेच धरावं.

निळा बाक डॉक्टरांना परत. पाटीसकट. रंग खरवडू नये.

वेताची खुर्ची कुलकर्णी वहिनींना, मार्चच्या आत. पुढे पापड आहेत.

प्रदर्शनातलं तीन पायांचं स्टूल अन्वरभाईंना. आठ दिवस ते त्यावरच बसले होते, आता उठवणं बरं दिसत नाही.

एकाहत्तर इंचांचा पाय अजून माझ्या गच्चीत आहे, दोडक्याचा वेल आहे त्याच्यावर. तो निखिलला. वर्गात भिंतीला टेकवून ठेवावा, मुलांनी विचारलं तर सांगावं.

ड्रॉइंग सगळी कॉलेजला. रुंद खुर्चीचं सोडून. ते गिरजाबाईंना, कोठीत तळाला घालायला. कागद चांगला जाड आहे.

कोठीखालचे चार तुकडे कुणीही मागू नयेत. पाचवा कुठे ठेवलाय ते विचारू नये.

रुंद खुर्ची कचरू मिस्त्रींना.

त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. सकाळी फोन केला तर म्हणाले, "देताय खरं, पण आमच्या दारातून जाईल का? ते कागदावर हाय का?"

नाही. उद्या देवगावला जाणार आहे. टेप नेणार नाही. मोजायचं ते मिस्त्री मोजतील.