राणीच्या लग्नाचं चित्र काढू नकोस

ऐक, पिल्लू आत्ताच झोपलंय. उठलं की औषध दे, अर्धाच चमचा. ताप उतरलाय, तरी कपाळाला हात लावून बघत राहा.

मी संपादकबाईंकडे चाललेय, माझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण परत आणायला. पंखवाल्या घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला सोडून राणी राजपुत्राशी लग्न करते, असं लिहून काल देऊन आले होते.

आज पेन्सिल शोधताना तुझ्या टेबलावर त्यासाठी काढलेली चित्रं दिसली. राजपुत्राची डावी भुवई मधेच तुटलेली आहे, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. तशी भुवई माझ्या कॉलेजातल्या मित्राची आहे, आणि त्याला तू एकदाच पाहिलंयस, आपल्या लग्नात. आणि मोतद्दाराला तू स्वतःचा चष्मा घातलायस! म्हणजे तुला पहिल्यापासून कळत होतं. तरी रोज चहा ठेवताना विचारायचास, "काय म्हणतायत आज राजपुत्र?" आणि मी खुशाल सांगत बसायचे.

त्याला मी भेटत नाही, फोनही नाही. पण लिहिताना तोच डोळ्यांसमोर असायचा, हे खरं आहे. तोंडावर सांगायची लाज वाटते म्हणून लिहितेय.

आता राजपुत्र होडीत बसून निघून जातो आणि राणी त्याला थांबवत नाही. पुढचं मला अजून सुचलेलं नाही.

सहापर्यंत येते. तोवर एक कर, त्या मोतद्दाराला जरा रागावलेला काढ. इतका समजूतदार चेहरा माझ्याने बघवत नाही.