पोकळ खांबावरची खडूची फुली

तीर्थरूप मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला, इथे खाली सगळा चिखल आहे). तुमच्या गुडघ्याचा ठणका कसा आहे? मामींचा माझ्यावरचा राग कसा आहे? दोन्हींपैकी एक तरी उतरला असेल अशी आशा करतो. मी खुशाल आहे, नोकरीही आहे. ती कशी टिकली ते मात्र बसून वाचा.

आमचं काम म्हणजे जुन्या धक्क्याखालचे लाकडी खांब तपासायचे आणि ते अजून किती भार पेलतील ते सांगायचं. चौसष्ट खांब, आमच्या इंजिनियर बाईंच्या आजोबांच्याही जन्माआधी समुद्रात ठोकलेले. ओहोटीला त्यांच्यामधून चालताना माझी बोलतीच बंद होते, मामा (होय, माझी). वरून बर्फाच्या गाड्या दणदण जातायत आणि हे म्हातारे हूं की चूं न करता उभे. खाऱ्या पाण्यात एक मऊ किडा असतो, ओल्या सुतळीसारखा. टाचणीएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत खांब फस्त करतो. बाहेरून बघाल तर गडी ठणठणीत!

परवा बाईंनी यंत्राची लांब सुई घालून असा एक पोकळ खांब पकडला आणि मला त्याला लाल पट्टा बांधायला सांगून त्या वर गेल्या. पट्टा राहिला होता गाडीत. एवढ्यासाठी शिडी कोण चढतंय? मी खडूनं झकास फुली मारली. मग यंत्र चिखलानं माखलं होतं म्हणून निगुतीनं धुतलं. समुद्रात. (तुम्ही कपाळाला हात लावलात, मला इथून दिसलं.) यंत्रानं तिथेच मान टाकली. भरती आली आणि जाताना फुली घेऊन गेली.

काल सकाळी बाई टेकू द्यायला माणसं घेऊन उतरल्या, तर सगळे खांब सारखेच. सुईचं भोक शिंपल्यांच्या खरबडीत सापडतंय कुठे! धक्क्याचा मुकादम म्हणाला, ‘‘समुद्रात खडूनं लिहिणारा पहिलाच शहाणा पाहिला.’’ पुढच्या भरतीआधी टेकू लागला नाही तर धक्का बंद, चाळीस हमाल घरी आणि मीही घरी, कायमचा. लाकडाची कांडी काढणारं हाताचं गिरमिट होतं, पण बाई म्हणाल्या, ‘‘चौसष्टांना भोकं पाडली तर किड्याचं काम आपणच केल्यासारखं होईल.’’

तेव्हा मला तुमची आठवण झाली; लाकूड नुसतं ठोकून ते आतून कसं आहे ते सांगता ना तुम्ही! हातोडी घेतली आणि एकेका खांबाला कान लावून ठोकत सुटलो. पाणी घोट्यावरून गुडघ्याला, गुडघ्यावरून कमरेला. शेवटी एकावर हात ठेवला आणि म्हणालो, हाच. बाईंनी गिरमिट लावलं. चार बोटं गेलं आणि एकदम भसकन आत! आत नुसती हवा. चार बोटांच्या सालीवर तो खांब किती वर्षं गाड्या पेलत होता देव जाणे. मुकादमानं टोपी काढली (माझ्यासाठी नव्हे, खांबासाठी). मग ताडून बघायला बाईंनी शेजारच्यालाही गिरमिट लावलं, तर पेन्सिलीएवढी लालबुंद कांडी बाहेर आली. मामा, वास घेतला, कालच रंधा मारल्यासारखा! शंभर वर्षं पाण्यात उभा राहून! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भरतीचं नव्हतं.

टेकू लागला, गाड्या चालू झाल्या. ‘‘हे कुठे शिकलास?’’ बाईंनी विचारलं. मी छाती काढून तुमचं नाव सांगितलं.

तुमचा,
भाचा

ता.क. खरं सांगतो. मला ते शेजारशेजारचे दोन्ही खांब पोकळ वाटले होते. एक मी डोळे मिटून निवडला. भिजलेलं लाकूड आणि पोखरलेलं लाकूड मला एकसारखंच वाजतं. तुम्ही फरक शिकवलात त्या दिवशी मी मागच्या भिंतीवरून पळालो होतो.

ता.ता.क. हे रात्रभर पचेना, म्हणून आज बाईंनाही सांगून टाकलं. त्यांनी आधी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली. मग म्हणाल्या, पुढच्या धक्क्याला दोनशे खांब आहेत, यंत्र दुरुस्तीला गेलंय; ज्याला फरक कळतो त्याला बोलाव. आवाज लिहून पाठवा म्हणणार होतो, पण तो कागदावर कसा मावायचा? तिकीट सोबत आहे.

आणखी एक. मामींना पंधरा दिवसांचं काम आहे म्हणून सांगा. तीन महिन्यांचं आहे.