आईच्या आवाजापुरते स्पीकर

कुरखेडा, २ मार्च १९८६

ती. सौ. सीताताईस,
श्रावणचा सप्रेम जयभीम. वि. वि. आई जाऊन वर्ष होत आलं, तरी माझ्या हातून अजून तिघांचेच तांदूळ पडतात.

तू भरलेली आईची कॅसेट परवा लावली. बाबा ऐकता ऐकता उठून गेले. म्हणाले, "हे तुही माय नाई. डब्ब्यात मच्छर बोलून राह्यला." चूक त्यांची नाही, आपल्या टेपचा स्पीकरच वाटीएवढा. म्हणून घरीच स्पीकर बांधायचं ठरवलं आहे. खोके बाबा करतील, सुतारकीचा हात अजून शाबूत आहे. चंद्रपूरच्या दुकानात सुट्या भागांची दोन किट आहेत. एकात चकचकीत कड्याचा, जाड आवाजाचा दहा इंची वूफर, दुसऱ्यात साधा काळा सहा इंची आणि बारीक आवाजासाठी वेगळा ट्वीटर. माझं मन मोठ्यावर आहे. घेऊन ठेवशील? बाबांनी तो आवाज एकदा तरी आईचा म्हणून ऐकावा, एवढंच मला हवं आहे.

लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.
श्रावण

चंद्रपूर, १६ मार्च १९८६

चि. श्रावणास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. तुझं मन कायम चकाकीवर. मुलगी पाहायला तुला एकट्याला पाठवायचं नाही, हे आम्ही ठरवलं आहे.

दुकानदाराने सिनेमाची गाणी लावली तेव्हा मलाही मोठाच सरस वाटला. मग मी पिशवीतून आईची मूळ कॅसेट काढून दिली, तुझ्याकडची तिचीच नक्कल. मोठ्यातून आई जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं पुकारणाऱ्यासारखी घुमली. काळ्यातून मात्र तिने गाण्याआधी घसा खाकरला आणि मी मागे वळून पाहिलं. पुढचं ऐकवेना. काळंच किट घेतलं आहे, एसटीच्या कंडक्टरजवळ देते. खोके किटमधल्या नकाशाप्रमाणेच होऊ देत. आणि बाबा ऐकायला नाही म्हणाले, तर आग्रह करू नकोस.

माया ठेव, हे तुला सांगायला नको.
सीता

कुरखेडा, ११ एप्रिल १९८६

ती. सौ. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि. बाबांनी सागाचे खोके केले. कशासाठी, ते विचारलं नाही. रविवारी संध्याकाळी कॅसेट लावली. आईने घसा खाकरला तेव्हा त्यांची बिडी विझली, तरी ते ती तशीच धरून बसले. "थेच हाय," एवढंच म्हणाले.

शेवटचं रोवण्याचं, भातलावणीचं गाणं आई अर्ध्यात सोडते, आणि कडवं विसरली म्हणून आपण तिला चिडवायचो, आठवतं? ती विसरली नव्हती. तिथे मागून एक जाड आवाज येतो, आपल्या टेपवर कधीच ऐकू न आलेला. बाबा पाणी मागतात. आई गाणं टाकून उठते, आणि तिथेच तू टेप बंद केली आहेस.

मला वाटलं, आता बाबा उठून जाणार. पण त्यांनी कॅसेट मागे घ्यायला लावली. ती जागा जवळ आली तशी स्वतःच उठून रांजणातून पेला भरला आणि खोक्याजवळ येऊन बसले. आईला म्हणाले, "माह्या हातात हाय पानी. तू म्हण, रुखमा."

उन्हाळ्यात चार दिवस ये ताई. राहिलेलं कडवं सीतेले येते काय, असं बाबा रोज विचारतात.

वाट पाहणारा,
श्रावण